तक्रार कानावर येते तेव्हा

स्मरणिकेच्या पानांतून सामान्यतः संस्थेच्या वाटचालीचा आढावा घेतला जातो. पत्र्याच्या खोल्यांपासून आजच्या इमारतीपर्यंतचा प्रवास, शालान्त परीक्षेचे निकाल, दानशूर उपासक-उपासिकांची नामावली आणि मान्यवरांचे शुभसंदेश असे तिचे स्वरूप असते. हे सारे असायलाच हवे. तरीही संपादक मंडळाने आम्हां काही माजी विद्यार्थ्यांकडे लेख मागितला, तेव्हा आम्ही एका अप्रिय विषयावर लिहायचे ठरवले. आमच्यापैकी कोणी वकिली करतात, कोणी अनुदानित शाळांत मुख्याध्यापक आहेत, तर दोघीजणी कारखान्यांतील मनुष्यबळ विभाग सांभाळतात. एकत्र बसलो असता एक विसंगती आमच्या लक्षात आली. कारखान्यात एखादा कामगार पर्यवेक्षक झाला की, हाताखालच्या माणसाविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार आली तर काय करावे आणि काय करू नये, याचे प्रशिक्षण त्याला दिले जाते. ते घेतल्याची सही त्याच्या सेवापुस्तकात राहते. शे-दोनशे मुलांना रात्रंदिवस सांभाळणाऱ्या वसतिगृहाच्या अधीक्षकाला मात्र नेमणुकीच्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा, हजेरीपट आणि धान्याची साठा नोंदवही मिळते. अन्य काही मिळत नाही.

तक्रार येईल तेव्हा पाहू, असे संस्थाचालक म्हणतात. आमचे म्हणणे असे की, तक्रार येते तेव्हा पाहायला वेळ नसतो. पहिल्या एक-दोन दिवसांत अधीक्षक, मुख्याध्यापक आणि सचिव जे करतात, त्यावर एका मुलाचे पुढचे आयुष्य, एखाद्या शिक्षकाची अब्रू आणि संस्थेची कायदेशीर स्थिती, या तिन्ही गोष्टी बव्हंशी ठरून जातात. म्हणून ज्यांच्या हाती व्यवस्थापन आहे त्यांना हे काम आधी शिकवले पाहिजे.

निवासी शाळा ही आपल्या समाजासाठी निव्वळ सोय कधीच नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या पहिल्या कामांत सोलापूरच्या वसतिगृहाचा समावेश होता. गावात ज्याला पाणवठा मोकळा नव्हता, त्याच्यासाठी वसतिगृह हे शिक्षणाचे दार होते. आजही आपल्या शाळेत येणाऱ्या मुलांचे आईवडील ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा शहरातल्या बांधकामावर असतात. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन गेलेली माणसे उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. एवढ्या काळात मुलाला काही सांगायचे झाले, तर ऐकणारा माणूस याच आवारात असावा लागतो. पालकांनी आपल्या हाती दिलेला हा विश्वास आहे. तो सांभाळण्याची जबाबदारी इतर कोणत्याही शाळेपेक्षा आपल्यावर अधिक आहे, कमी तर खचितच नाही.

आणि नेमक्या याच ठिकाणी आपली एक जुनी सवय आडवी येते. एखादी कुजबुज कानावर आली की पहिला प्रश्न विचारला जातो तो संस्थेच्या नावाचा. "लोकांच्या पै-पैच्या वर्गणीतून उभी राहिलेली संस्था आहे, टपून बसलेल्यांच्या हाती कोलीत द्यायचे का? चळवळीची बदनामी होईल," असे बोलणारी माणसे दुष्ट असतात असे मुळीच नाही. त्यांतल्या अनेकांनी स्वतःच्या पगारातून या भिंती बांधल्या आहेत, आणि टपून बसलेले लोक आहेत हेही खरेच आहे. पण या युक्तिवादाचा परिणाम काय होतो? सर्वांत दुबळ्या घरातले मूल गप्प राहते आणि ज्याने चूक केली तो पुढच्या वर्षी पुन्हा त्याच खोलीत हजेरी घेतो. ज्या चळवळीने 'गप्प बसा' या आज्ञेविरुद्ध बंड केले, तिच्याच नावाने एखाद्या लेकराला गप्प बसवले जावे, हे आम्हांस मान्य होण्यासारखे नाही.

नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू आणि निव्वळ संस्थेच्या हिताचा विचार करू. गप्प बसण्यात संस्थेची सुरक्षितता आहे, ही समजूत मुळातच चुकीची आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, त्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील मुलावर असा अपराध घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळले, त्याने ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. 'खात्री झाली तर' अशी सूट त्यात नाही; खात्री करणे हे तपास यंत्रणेचे काम आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला अपराध संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर ही शिक्षा एक वर्षापर्यंत जाते आणि वर दंडही होतो. उलट, सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर ती दिल्याबद्दल कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असेही तोच कायदा सांगतो. आमच्या अनुभवात हे शेवटचे वाक्य फारच थोड्या अधीक्षकांना ठाऊक असते. आरोप खोटा निघाला तर आपणच अडकू, या भीतीने ते थांबतात आणि थांबल्यामुळेच अडकतात.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींचे प्रकरण आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी घडलेला प्रकार कळूनही पोलिसांना सांगितला नाही, असा आरोप होता. त्यांच्यावरील गुन्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बाजूला सारला आणि माहिती असूनही न कळवणे हा स्वतःच गंभीर गुन्हा असल्याचे स्पष्ट केले. लक्षात घ्या, त्या डॉक्टरांवर मुलींना हात लावल्याचा आरोप नव्हता. आरोप होता मौनाचा. त्याआधी २०१३ मध्येही महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात याच न्यायालयाने शाळा, वसतिगृहे आणि बालगृहे यांच्या प्रमुखांना असे प्रकार गुप्तता राखून पोलिसांना कळवण्याचे निर्देश दिले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुकल्यांच्या प्रकरणाने सारे राज्य हादरले, तेव्हा माहिती न कळवल्याबद्दल संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदवला गेला. मौनाने वाचलेली संस्था आम्हांला तरी माहीत नाही. फक्त उशिरा उघडी पडलेली संस्था माहीत आहे.

आता प्रशिक्षणात शिकवायचे काय, याकडे वळू. पहिली अडचण ही की तक्रार एकाच प्रकारची नसते आणि प्रत्येक तक्रारीचे दार वेगळे असते. विद्यार्थी बालक असेल आणि प्रकार लैंगिक असेल, तर दार पोलिसांचे. तक्रार शिक्षिकेची, लिपिक बाईंची किंवा स्वयंपाकघरातील मावशींची असेल, तर २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समितीचे. तिला फौजदारी तक्रार करायची असल्यास ती वाटही खुली असते आणि त्यासाठी संस्थेने मदत करावी असे तोच कायदा सांगतो. मोठ्या मुलांनी धाकट्यांना छळले, तर रॅगिंगला मनाई करणारा राज्याचा १९९९ चा कायदा वसतिगृहालाही लागू होतो. तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत प्रमुखाने चौकशी करायची असते, प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास पुढची पावले उचलायची असतात आणि त्यात कसूर केल्यास त्याने अपराधाला साहाय्य केले असे मानले जाते. शिक्षकाने मुलाला मारले वा अपमानित केले, तर शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने ते निषिद्ध आहेच. पैशांचा अपहार, खोटी हजेरी, जातिवाचक शिवीगाळ यांच्या वाटा आणखी वेगळ्या.

या दारांची गल्लत झाली की अनर्थ होतो. सर्वांत जास्त आढळणारी गल्लत अशी : सातवीतल्या मुलीची तक्रार येते, आणि मुख्याध्यापक मोठ्या प्रामाणिकपणे ती शाळेच्या समितीकडे 'चौकशी करून अहवाल सादर करावा' असा शेरा मारून पाठवतात. समिती पंधरा दिवस घेते. मुलीला चार वेळा बोलावले जाते, चार वेळा तेच सांगायला लावले जाते. कागदोपत्री सगळे नीट दिसते आणि कायद्याच्या दृष्टीने सगळे चुकलेले असते, कारण पोलिसांना कळवायला लागलेला प्रत्येक दिवस संस्थाप्रमुखाच्या नावावर जमा होतो. अंतर्गत समिती ही काम करणाऱ्या स्त्रियांसाठी आहे. बालकाच्या प्रकरणात तिचा अहवाल येईपर्यंत थांबण्याची मुभा कोणालाच नाही.

दुसरी गोष्ट अधिक साधी आहे आणि म्हणूनच दुर्लक्षित आहे. मूल पहिल्यांदा कोणाला सांगते? मुख्याध्यापकांना जवळजवळ कधीच नाही. ते भाकरी वाढणाऱ्या मावशींना सांगते, रात्रीच्या पहारेकऱ्याला सांगते, नाहीतर नववीतल्या ताईला. बहुधा सरळ सांगतही नाही. "मला त्या खोलीत झोपायचं नाही," एवढेच म्हणते. पोटात दुखते म्हणून शाळेला दांडी मारते. ज्यांच्या कानावर हे पहिले वाक्य पडते, त्या माणसांना आपण व्यवस्थापनाचा भाग मानतच नाही. त्यांना प्रशिक्षणाला बोलावत नाही, सभेत त्यांची खुर्ची नसते. आमच्या मते प्रशिक्षण स्वयंपाकघरापासून सुरू झाले पाहिजे आणि अध्यक्षांपर्यंत पोहोचले पाहिजे. उलट्या दिशेने सुरू झालेले प्रशिक्षण अध्यक्षांच्या भाषणावरच संपते.

ऐकणाऱ्याला शिकवायच्या गोष्टी फार नाहीत, पण त्या अंगवळणी पडाव्या लागतात. मूल बोलत असताना त्याला बोलू द्यावे. "त्यांनी तुला इथे हात लावला का?" असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत, "मग काय झालं, बाळा?" एवढे पुरते. "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही, आणि मोडलेल्या वचनानंतर मूल पुन्हा बोलत नाही. त्याऐवजी, "ज्यांना सांगणं भाग आहे त्यांनाच सांगेन" असे म्हणावे. मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्या बोलीत, तारीख आणि वेळ टाकून लिहून ठेवावेत. ते शुद्ध मराठीत सुधारू नयेत. 'विनयभंग' हा शब्द दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी कोणत्याही न्यायालयाला खरा वाटणार नाही. कपडे धुऊ नयेत, खोली झाडू नये. ज्याच्यावर आरोप आहे त्याला मुलासमोर उभे करून "खरं काय ते सांग" म्हणू नये. ही समोरासमोर गाठ घालून देण्याची पद्धत आपल्या गावकी-भावकीतून आली आहे आणि ती लेकराला कायमची मुकी करते. पुढचा जबाब पोलिसांनी घ्यायचा असतो, तोही मुलाच्या घरी किंवा त्याच्या सोयीच्या ठिकाणी, गणवेष न घालता आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने. आपण तपास करायचा नाही. आपण फक्त ऐकायचे, लिहायचे, सांभाळायचे आणि कळवायचे. १०९८ हा बालकांच्या मदतीसाठीचा क्रमांक शाळेत सर्वांना पाठ असावा.

सांभाळायचे म्हणजे काय, यावर थोडे थांबणे आवश्यक वाटते. तक्रार होताच तक्रार करणाऱ्या मुलालाच हलवायचे, हा आपल्याकडील रिवाज आहे. 'वातावरण निवळेपर्यंत' त्याला घरी पाठवतात. महिनाभराने पालकांच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला ठेवतात आणि 'आचरण' या रकान्यात 'समाधानकारक' लिहिण्याचे औदार्यही दाखवतात. घरी परतलेल्या मुलीचे पुढे काय होते, हे समाजबांधवांना सांगायला नको. दोन वर्षांत तिच्या लग्नाची पत्रिका येते. हलवायचे असेल तर ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्या कामापासून, त्या इमारतीपासून दूर करावे. मूल आपल्या वर्गात, आपल्या मैत्रिणींत राहावे. ही एक गोष्ट जरी आपल्या संस्थेच्या नियमावलीत लिहिली गेली, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

येथपर्यंत वाचून एखाद्या शिक्षक बंधूच्या मनात येईल की, आमची बाजू कोणी मांडायची? प्रश्न रास्त आहे. आरोप झाला म्हणजे दोष सिद्ध झाला असे नव्हे, आणि संस्थांमध्ये आरोपाचे हत्यार होते हेही आम्ही पाहिले आहे. जेथे कार्यकारिणीत दोन गट आणि धर्मादाय आयुक्तांकडे एक चेंज रिपोर्ट प्रलंबित नाही, अशी संस्था शोधून काढणाऱ्याचा आम्ही जाहीर सत्कार करू! अशा वातावरणात एका गटाच्या शिक्षकावर दुसऱ्या गटाने बालंट आणणे अशक्य नाही. यावरचा उपाय तक्रारी दाबणे हा नाही. चौकशी अशी करावी की कोणत्याही गटाला तीत बोट घालता येऊ नये.

खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे. त्यांत चौकशीची रीत सविस्तर सांगितलेली आहे. आरोप तारीखवार आणि नेमके लिहून द्यायचे, खुलाशाला मुदत द्यायची, मग तिघांची चौकशी समिती नेमायची. शिक्षकाच्या बाबतीत तीत एक सदस्य व्यवस्थापनाचा, एक त्या कर्मचाऱ्याने स्वतः निवडलेला आणि एक राज्य वा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून. चौकशी सामान्यतः १२० दिवसांत संपवायची. निलंबन ही शिक्षा नव्हे. त्या काळात निर्वाह भत्ता द्यावाच लागतो. हे सर्व छापील स्वरूपात उपलब्ध आहे, आणि तरीही कितीतरी संस्था 'आपले वर्तन संस्थेच्या हितास बाधक असल्याने आपणांस सेवेतून कमी करण्यात येत आहे' अशा एका ओळीच्या पत्राने माणसाला घरी पाठवतात. त्यापुढची कथा ठरलेली असते. कर्मचारी शाळा न्यायाधिकरणात जातो, आदेश रद्द होतो, आणि तो मागील पगारासह रुजू होतो. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात निर्वाह भत्ता दिला गेला नव्हता आणि चौकशी एकतर्फी झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने तिला संपूर्ण मागील वेतन देणारा न्यायाधिकरणाचा आदेश पुन्हा कायम केला. त्या शिक्षिकेवर अन्याय झाला होता, म्हणून निकाल योग्यच होता. पण याच चुका खऱ्या दोषी माणसाच्या बाबतीत केल्या तर तोही त्याच वाटेने सन्मानाने परत येतो, हे संस्थाचालकांनी विसरू नये. तक्रार करणारी बाई मात्र तोवर नोकरी सोडून गेलेली असते.

शेजारच्या गोव्याचे उदाहरण याहून बोलके आहे. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाविरुद्ध विद्यार्थिनींनी लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या. समितीने एकामागून एक बैठका घेऊन घाईघाईने चौकशी आटोपली आणि त्याला बडतर्फ करण्यात आले. प्रकरण वर्षानुवर्षे चालले, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हणणे मांडायची पुरेशी संधी दिली गेली नाही म्हणून बडतर्फी रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. ज्यांनी धैर्याने तक्रार केली होती, त्यांच्यासाठी चौदा वर्षांनंतर सारे पहिल्या पायरीवर आले. त्याच निकालात न्यायालयाने २०१३ च्या कायद्याच्या दुबळ्या अंमलबजावणीबद्दल खेद व्यक्त केला आणि समित्यांच्या सदस्यांसाठी नियमित प्रशिक्षण घेण्याचे निर्देश सर्व आस्थापनांना दिले. समिती दोषी असलेल्याच्या बाजूची होती असे कोणी म्हटले नाही. चौकशी कशी चालवतात हे तिला कोणी शिकवले नव्हते, एवढेच.

दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी ही समिती असावी लागते. तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया आणि बाहेरची एक व्यक्ती. नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. अनेक शाळांत ती फलकावर असते. तीत नाव असलेल्या बाईंना मात्र आपण सदस्य असल्याचे फलक वाचून कळते.

या कायद्याचा उगम विशाखा निकालात आहे. राजस्थानात बालविवाह थांबवू पाहणाऱ्या भंवरीदेवी या साथिनीवर १९९२ मध्ये अत्याचार झाला. त्यानंतर विशाखा नावाची संघटना आणि इतर काही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये निकाल आला. आपल्या कानाला हे नाव ओळखीचे आहे. विनयपिटकात महाउपासिका विशाखेची एक कथा येते. श्रावस्तीत एक भिक्खू एका तरुणीसोबत आडोशाच्या जागी बसलेला तिने पाहिला. तिने तेथेच त्याला हटकले. त्याने ऐकले नाही, तेव्हा तिने ही गोष्ट भिक्खूंना सांगितली. त्यावरून भगवंतांनी जो नियम घालून दिला, त्यात विश्वासू उपासिकेच्या शब्दावर कार्यवाही सुरू होते आणि त्या भिक्खूचे म्हणणेही ऐकले जाते. गृहस्थ स्त्रीने चीवरधाऱ्याविरुद्ध बोलावे आणि संघाने ते ऐकून घ्यावे, ही अडीच हजार वर्षांपूर्वीची रीत आहे. त्याच विनयात दब्ब मल्लपुत्ताची कथाही आहे. संघातील भिक्खूंच्या निवासाची आणि भोजनाची व्यवस्था त्याच्याकडे होती. आजच्या भाषेत तो वसतिगृहाचा अधीक्षकच. आपल्याला चांगली जागा आणि चांगले जेवण मिळत नाही म्हणून रुष्ट झालेल्या भिक्खूंनी त्याच्यावर अत्यंत गलिच्छ आरोप घडवून आणला. चौकशीत तो खोटा ठरला आणि खोट्या आरोपासाठी वेगळा कडक नियम झाला. विशाखा आणि दब्ब या दोघांनाही एकाच ग्रंथात जागा आहे. आमच्या अधीक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्याने या दोन्ही कथा एकाच दुपारी सांगाव्यात.

वर्षावासाच्या अखेरीस पवारणा होते. प्रत्येक भिक्खू संघापुढे विनंती करतो की, माझे काही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा शंका आली असेल तर मला सांगा. तक्रार पेटी भिंतीला ठोकून तिची किल्ली हरवून बसणाऱ्या संस्थांनी या विधीकडे पुन्हा पाहावे. मात्र एक भेद स्पष्ट केला पाहिजे. संघ आपले अधिकरण संघात शमवत असे. आज बालकाविरुद्धचा अपराध कोणत्याही संघात, कार्यकारिणीत किंवा विहारातल्या बैठकीत मिटवता येत नाही. धम्माचा आधार घेऊन 'क्षमा करा, मैत्री भाव ठेवा' असे पीडित मुलाच्या आईला सांगणे हा धम्माचाही अपमान आहे आणि कायद्याने गुन्हाही ठरू शकतो.

प्रशिक्षण म्हटले की आपल्याकडे दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचे दीड तासाचे भाषण, अल्पोपाहार आणि छायाचित्र असा क्रम लागतो. त्याचा काही उपयोग नाही. २०२० च्या पोक्सो नियमांनी मुलांच्या संपर्कात असलेल्या संस्थांवर कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि नियतकालिक प्रशिक्षण या दोन्हींची जबाबदारी टाकली आहे. छायाचित्राने ती पुरी होत नाही. आम्हांस अभिप्रेत असलेले प्रशिक्षण प्रसंगांचे आहे. एक जण मूल होतो, एक अधीक्षक. बाकीचे पाहतात आणि कोठे चुकले ते सांगतात. एक जण संतापलेला पालक होतो, एक पत्रकार, एक 'मिटवून टाका' म्हणणारा स्थानिक पुढारी. मुख्याध्यापकांनी प्रत्यक्ष पोलीस ठाण्याला द्यावयाचे पत्र लिहून पाहावे. सचिवांनी एक आरोपपत्र तयार करावे आणि वकिलाने ते सर्वांसमोर फाडून दाखवावे. हे पहिल्यांदा करताना माणसे संकोचतात, हसतात, आणि मग एका क्षणी खोली शांत होते. ती शांतता आली की समजावे, काम सुरू झाले.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांनाही एक विनंती. प्रकरण घडले की आपले व्हॉट्सॲप गट रात्रीतून न्यायालय होतात. पीडित मुलाचे नाव, छायाचित्र, घर, शाळा अशी ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. न्याय मागण्यासाठी टाकलेला संदेशही त्याला अपवाद नाही. संताप अवश्य व्यक्त करा. पण संस्थेला विचारायचे असेल तर हे विचारा की, पोलिसांना किती वाजता कळवले, मूल आज कोणत्या वर्गात बसले आहे आणि चौकशी समितीत कोण आहे.

शाळा जूनमध्ये उघडेल. तत्पूर्वीचे दोन दिवस यासाठी राखून ठेवावेत, असे पत्र आम्ही संस्थेच्या सचिवांना दिले आहे. आमच्यातील दोन वकील भगिनी आणि एक मुख्याध्यापक स्वखर्चाने येतील. बालकांसोबत काम करणारी एखादी समुपदेशक तालुक्याच्या ठिकाणाहून बोलावता येईल. भोजनकक्षाच्या दाराशी, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, एक फलक लावावा. त्यावर १०९८, पोलीस ठाण्याचा क्रमांक आणि ज्यांच्याशी बोलता येईल अशा दोघांची नावे असावीत, त्यांपैकी एक बाई. मानधन नको, सत्कार नको. स्वयंपाकघरातील मावशी आणि रात्रीचे पहारेकरी यांची त्या दोन दिवसांची हजेरी भरावी आणि त्यांचा रोज कापला जाऊ नये, एवढी एकच अट आम्ही पत्रात घातली आहे.